आधी निदान, मग दुरुस्ती

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. या व्यासपीठावरून आजवर साहित्यिक बोलले, गायक बोलले, इतिहासाचे अभ्यासक बोलले. आमचे सारे आयुष्य कारखान्याच्या उपकरण-देखभाल विभागात, मीटर आणि डाखाची कांडी यांच्या संगतीत गेले. वाङ्मयाशी आमचा संबंध आला तो बिघाडाच्या नोंदवहीपुरता. तथापि कार्यवाहांनी आमची सुटका केली. ते म्हणाले, "मंडळाचा जुना टेपरेकॉर्डर आपण बोलता कसा केलात, तेवढेच सांगा. त्यात आम्हां सर्वांना घरी उपयोगी पडेल असे काही असेल तर तेही सांगा." ही आज्ञा शिरसावंद्य मानून आम्ही आज आपल्यापुढे उभे आहोत.

आपल्या मंडळाची स्थापना १९७५ सालची. पोलादाच्या कारखान्याच्या निमित्ताने दामोदरच्या या खोऱ्यात आलेली चाळीस-पन्नास मराठी कुटुंबे तेव्हा एकत्र आली. आपले म्हणावे असे ऐकायला रेडिओखेरीज दुसरे साधन नव्हते. रात्री मध्यमलहरींवर खरखरीतून का होईना, मुंबई केंद्र लागले की शेजारपाजारची मंडळी त्या खोलीत जमत. दिवसा न लागणारे केंद्र रात्री का लागे, तर वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून या लहरी रात्री परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात. दिवसा त्या खालच्या थरात शोषल्या जातात. त्या काळात कोणीतरी मंडळासाठी एक स्पूलचा टेपरेकॉर्डर मिळवला आणि पहिल्या गणेशोत्सवातील कार्यक्रम त्यावर मुद्रित केले. पुढे कॅसेट आली, मग चकत्या आल्या, मग सारे काही मोबाइलमध्ये शिरले. तो टेपरेकॉर्डर मात्र कार्यालयातील लोखंडी कपाटाच्या तळाशी दोन फितींसह पंचवीस-तीस वर्षे पडून राहिला.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्या फिती ऐकाव्यात असे ठरले. एका उत्साही तरुण सभासदाने यंत्र बाहेर काढले, पुसले, त्यावर फीत चढवली आणि थेट विजेला जोडले. क्षणार्धात फ्यूज उडाला. त्याने दुसरा घातला, तोही उडाला. तिसऱ्या वेळी फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळून बसवण्याचा बेत चालला होता. तेवढ्यात आम्ही तेथे पोहोचलो, हे यंत्राचे भाग्य. त्या तरुणाला आम्ही दोष देत नाही. त्याच्या वयाचे असताना आम्हीही हेच केले असते. किंबहुना एकदा केलेही होते, आणि त्यापायी एका चांगल्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर जाळला होता.

येथेच आजच्या भाषणाचे पहिले सूत्र सापडते. फ्यूज उडणे हा बिघाड नव्हे. ती बिघाडाने दिलेली साक्ष आहे. मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह कोठेतरी वाहिला, एवढेच तो सांगतो. साक्षीदाराचे तोंड बांधले म्हणून गुन्हा नाहीसा होत नाही. फ्यूज एकदा बदलून पाहण्यास हरकत नाही, कारण क्वचित तो वार्धक्यानेही जातो. परंतु दुसऱ्यांदा उडाला तर थांबावे. आणि त्याच्या जागी जाड तार किंवा कागद कदापि घालू नये. दोन रुपयांच्या काचेच्या नळीने वाचवलेले यंत्र त्या कागदाने जळते, आणि कधी कधी घरही.

आता यंत्राची तपासणी कशी झाली ते सांगतो. प्रथम आम्ही फीत उतरवली आणि कपाटात कुलूपबंद केली. ज्या यंत्रावर संशय आहे त्यावर अमोल वस्तू चढवू नये. यंत्र दुसरे मिळेल, पण पन्नास वर्षांपूर्वीचे आवाज दुसरे मिळणार नाहीत. वैद्यकात जसा रोग्याला अपाय न करण्याचा दंडक आहे, तसाच तो आमच्या व्यवसायातही असावा, असे आम्हांस वाटते.

त्यानंतर प्लग काढला. हे सांगण्याची गरज आहे, कारण भल्याभल्यांच्या हातून ते राहते. बटण बंद करणे आणि प्लग काढणे यांत फरक आहे. जोडणी उलटी असेल तर बटण बंद असतानाही आत वीज असते. प्लग काढल्यावरही कपॅसिटर नावाच्या भागात विद्युतभार साठून राहतो. आजच्या संगणकाच्या किंवा दूरचित्रवाणी संचाच्या वीजपुरवठ्यात आपल्या घरची २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज एकदिश होऊन सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढते आणि तेथे थांबून राहते. तिला स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून मोकळे करण्याची पद्धत आम्ही अनेक दुकानांत पाहिली आहे. ती चुकीची आहे. योग्य मूल्याच्या रेझिस्टरमधून तो भार हळूहळू उतरवावा आणि मीटर लावून उतरल्याची खात्री करावी.

काही यंत्रे घरी उघडूच नयेत, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. जुन्या रंगीत दूरचित्रवाणीच्या काचेच्या नळीवर वीस हजार व्होल्टांहून अधिक दाब असे, आणि संच बंद केल्यावरही तो काही काळ टिके. मायक्रोवेव्ह भट्टीत दोन हजारांहून अधिक व्होल्ट असतात आणि त्यामागे प्राण घेण्याइतका प्रवाहही असतो. मोबाइलची फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये, चार्ज करू नये. या तिन्ही बाबतींत धाडसाला शौर्य म्हणता येणार नाही.

प्लग काढून झाकण उघडल्यावर आम्ही मीटरला हात लावला नाही. आधी डोळे, मग नाक, मग बोटे. काय काळवंडले आहे, काय फुगले आहे, कोठली तार सुटली आहे, करपल्याचा वास कोठून येतो, हे पाहण्यास पैसा लागत नाही. आमच्या अनुभवात निम्म्याहून अधिक बिघाड या पहिल्या दहा मिनिटांतच हाती लागले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-दोन या अवाढव्य गणकयंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी एका रिलेत अडकलेला पतंग सापडला. तेथील मंडळींनी तो काढला आणि चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून त्याची नोंद केली. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. या गोष्टीतून दोन बोध घ्यावेत. एक, बुद्धिमान माणसांनीही शेवटी आत डोकावून पाहिले. दुसरा, सापडलेले लिहून ठेवले. आपल्याकडे पतंगाऐवजी मुंग्या आणि पाली असतात, एवढाच फरक. पंपाच्या स्टार्टरमध्ये चिरडलेल्या मुंग्यांनी बंद पाडलेल्या मोटारी आम्ही कितीतरी पाहिल्या आहेत.

आमच्या टेपरेकॉर्डरमध्ये डोळ्यांना दोन गोष्टी दिसल्या. रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता. आणि वीजपुरवठ्याजवळच्या मोठ्या कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी डाग होता. दोष तेथेच, असा ग्रह होणे साहजिक होते. पण ग्रह म्हणजे निदान नव्हे. आपल्याकडे म्हण आहे, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. संशय आला की भाग बदलायचा, नाही चालले की दुसरा बदलायचा, अशा रीतीने यंत्रातले सारे भाग नवे होतात आणि बिघाड जुनाच राहतो. यास्तव आम्ही संशयाला पुराव्याची जोड दिली.

येथे एक साधे साधन उपयोगी पडले. विजेच्या वाटेवर साठ वॅटचा एक बल्ब यंत्राशी एकसरीत जोडायचा. बल्ब जुन्या तारेचा हवा, आजचा एलईडी चालत नाही. आत शॉर्ट असेल तर सारा प्रवाह बल्बमधून जातो, तो लख्ख पेटतो, आणि यंत्र व फ्यूज दोन्ही वाचतात. यंत्र निर्दोष असेल तर बल्ब क्षणभर चमकून मंद होतो. काही रुपयांत होणारा हा पहारेकरी प्रत्येक दुरुस्तीच्या मेजावर असतो आणि असावा. मात्र बल्ब जोडला म्हणून आतली वीज निर्धोक होत नाही, हे विसरू नये.

आमचा बल्ब लख्ख पेटला. प्लग काढून आम्ही मोटारीची तार सोडवली व पुन्हा पाहिले. बल्ब तसाच. म्हणजे मोटारीवरचा आळ गेला. पुन्हा प्लग काढून ट्रान्सफॉर्मरच्या पुढची सगळी जोडणी सोडवली. बल्ब मंदावला. म्हणजे ट्रान्सफॉर्मर निर्दोष आणि दोष त्याच्या पुढे. मग पुढची जोडणी परत केली आणि केवळ त्या डागाळलेल्या कपॅसिटरचा एक पाय डाखातून मोकळा केला. बल्ब मंदच राहिला. शेवटी सुटा कपॅसिटर मीटरला लावला. विरोध जवळजवळ शून्य. तेव्हा कोठे आम्ही म्हणालो, "दोष सापडला." डोळ्यांनी जे सुचवले ते खरे निघाले. पण ते तसे निघालेच असते, असे नाही.

या रीतीला अर्धे-अर्धे करण्याची रीत म्हणता येईल. यंत्र म्हणजे एकापुढे एक मांडलेल्या खोल्यांची ओळ. विजेचा किंवा आवाजाचा संदेश एका टोकाने शिरतो आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. समजा, सोळा खोल्या आहेत आणि एकीत दार बंद झाले आहे. पहिल्या खोलीपासून ओळीने पाहत गेलात तर पंधरा वेळा तपासावे लागण्याची शक्यता आहे. मध्यावर, आठव्या खोलीपाशी पाहा. संदेश तेथपर्यंत आला असेल तर दोष पुढच्या आठांत, नसेल तर मागच्या आठांत. मग उरलेल्यांच्या मध्यावर. अशा चार तपासण्यांत सोळापैकी नेमकी खोली सापडते. भाजीवाली तराजू वापरते तितकेच हे सोपे आहे, पण उतावीळ मनाला ते सुचत नाही.

नवा कपॅसिटर निवडताना त्याची धारकता मूळच्या इतकीच ठेवावी, व्होल्टची मर्यादा मूळच्या इतकी किंवा अधिक असावी, आणि धन-ऋण टोके उलटी होऊ देऊ नयेत. ती उलटली तर तो फुटतो. शॉर्टमुळे शेजारच्या डायोडांना इजा झाली नाही ना, हेही आम्ही पाहून घेतले. मेलेला भाग एकटा मरतोच असे नाही. त्याला कोणी मारले आणि त्याने जाताना कोणाला इजा केली, हे दोन्ही प्रश्न विचारावेत.

कपॅसिटरांविषयी थोडे अधिक सांगतो, कारण आपल्या घरच्या बहुतेक उपकरणांचे आयुष्य त्यांच्या हाती असते. त्यांत एक द्रव असतो. तो उष्णतेने सुकतो. तापमान दहा अंश सेल्सियसने वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा आडाखा आहे. म्हणून भिंतीच्या कोनाड्यात कोंबलेला, वर क्रोशाचे झाकण घातलेला संच लवकर जातो. या शतकाच्या आरंभीच्या काही वर्षांत सदोष द्रवाचे कपॅसिटर जगभरच्या संगणकांत बसले आणि अल्पकाळात फुगून हजारो यंत्रे बंद पडली. त्यांच्या माथ्यावर कोरलेल्या रेषा वायूचा दाब बाहेर पडावा म्हणून असतात. माथा सपाट दिसला पाहिजे. पुरीसारखा फुगलेला दिसला की समजावे, याची वेळ भरली.

वीजपुरवठा सुधारला तेव्हा मोटार घुंगू लागली, पण फिरेना. आता वीज येत होती, मग दोष यांत्रिक. आसाला हाताने फिरवून पाहिले तर तो घट्ट. आतले वंगण वाळून मेणासारखे झाले होते. जुने वंगण पुसून शिवणयंत्राच्या हलक्या तेलाचा एकेक थेंब दिला. थेंब म्हणजे थेंबच. अधिक झाले तर ते रबरावर उडते. पट्ट्याचे डांबर स्पिरिटने तासभर पुसले आणि नवा पट्टा बसवला. स्पूल फिरू लागली. मग एक टाकाऊ फीत चढवून ऐकले, तो आवाज घोंगडी पांघरून बोलल्यासारखा. येथे अनेकजण ध्वनिवर्धकाचे भाग उकरू लागतात. आम्ही आधी फीत ज्यावर घासते ते हेड पाहिले. त्यावर फितीच्या तपकिरी भुकटीचा थर होता. कापसाने व शुद्ध अल्कोहोलने तो पुसताच आवाज उजळला. आधी सोपे, मग अवघड. आधी बाहेरचे, मग आतले. आधी जे हलते, तापते किंवा जोडले-सोडवले जाते ते, मग जे एका जागी थंड बसून असते ते. बिघाड याच क्रमाने वस्तीला येतात.

तरीही एक दोष उरला. मधूनच करकर होई आणि आवाज जाई. झाकण उघडावे तर तो शहाण्यासारखा चाले. येणारा-जाणारा दोष हा सर्वांत खट्याळ. लक्षण हजर असल्याशिवाय त्याचा शोध लागत नाही, म्हणून त्याला मुद्दाम चिडवावे लागते. लाकडी काडीने एकेक जागा हलकेच टोकरत गेलो. एका सांध्यापाशी करकर उठली. भिंगातून पाहिले तर डाखाभोवती केसाएवढी गोल चीर. यालाच कोरडा सांधा म्हणतात. वरून धरलेला दिसतो, आतून सुटलेला असतो. तो पुन्हा तापवून नवा डाख दिला आणि यंत्र शांत झाले.

लक्षण आणि दोष यांतील फरकावर आम्ही इतका भर का देतो, याचे कारण आता सांगितले पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी आपल्याच गणेशोत्सवात ध्वनिक्षेपकातून सतत घुरघुर येत होती. दोन यंत्रे दोन वेगळ्या सॉकेटांना जोडलेली होती आणि दोन्हींच्या अर्थिंगच्या वाटांनी मिळून एक वेढा तयार झाला होता. त्या वेढ्यातून ती घुरघुर शिरे. मांडव आणि ध्वनिक्षेपक पुरवणाऱ्याच्या माणसाने प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकली. घुरघुर थांबली. सर्वांनी त्याची पाठ थोपटली, त्यांत आम्हीही होतो. तिसऱ्या रात्री त्या यंत्राच्या आत वीज पत्र्याला लागली. अर्थिंग असते तर फ्यूज उडून सारे शांत झाले असते. अर्थिंग नव्हते, म्हणून वीज ध्वनिक्षेपकाच्या दांड्यापर्यंत येऊन वाट पाहत राहिली. आरतीनंतर सूचना सांगण्यास गेलेल्या आमच्या एका स्वयंसेवकाने तो दांडा पकडला. जमिनीवर पावसाचे पाणी होते. त्याची मूठ सुटेना. कोणीतरी धावत जाऊन मुख्य बटण पाडले म्हणून तो वाचला. आज तो येथे सपत्नीक बसला आहे आणि नातवंडांच्या गोष्टी सांगतो आहे. पण त्या काही क्षणांची आठवण आमच्या मनातून गेलेली नाही. ज्यांना कळत होते त्यांनीही घुरघुर गेली, एवढ्यावर समाधान मानले होते. लक्षण गेले, दोष राहिला, आणि त्याच्यावर पहारा ठेवणाराही आम्हीच हाकलून दिला.

घुरघुर घालवण्याचा योग्य उपाय सोपा होता. दोन्ही यंत्रे एकाच जागेवरून, एकाच अर्थिंगवर जोडायची. आपल्या सर्वांना आमची विनंती आहे की, अर्थिंगची पिन कोणत्याही कारणाने काढू नये. घरच्या मुख्य फळीवर तीस मिलिअँपियरला तुटणारा गळतीरक्षक बसवून घ्यावा आणि त्यावरचे तपासणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. आणि कोणी विजेला चिकटलाच तर त्याला हात लावू नये. आधी वीज तोडावी.

आता घरच्या गोष्टीकडे वळतो. आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील, काका-मामा महाराष्ट्रात आहेत. रात्री साताऱ्याहून किंवा अमरावतीहून फोन येतो, "अरे, टीव्ही लागत नाही." तेथे धावून जाता येत नाही. अशा वेळी प्रश्नांचा क्रम ठरलेला असावा. शेजारचा दिवा लागतो का? संचावरचा लहानसा लाल ठिपका दिसतो का? चित्र नाही की आवाज नाही, की दोन्ही नाहीत? काल चालत होता का, आणि मध्ये काय घडले? वादळ, साफसफाई, रंगकाम, पाहुण्यांची मुले? शेवटच्या प्रश्नात बहुधा उत्तर असते. बिघाड अगदी निष्कारण क्वचितच येतो, काहीतरी बदललेले असते. एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगावी आणि परिणाम ऐकल्याशिवाय दुसरी सांगू नये. "आई, तुला कळत नाही," असे मात्र म्हणू नये. ती तेथे आपले डोळे आणि हात झालेली असते. बिघाड तिच्या अज्ञानाने झालेला नसतो, आणि आपल्या चिडण्याने तो सुधारतही नाही.

हे दुरून निदान कोठवर जाऊ शकते, याचे एक उदाहरण देतो. मंडळाच्या स्थापनेनंतर दोन वर्षांनी, ५ सप्टेंबर १९७७ रोजी, अमेरिकेने व्हॉयेजर-१ हे यान सोडले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते अर्थहीन संदेश पाठवू लागले. तेव्हा ते आपल्यापासून सुमारे २४ अब्ज किलोमीटर दूर होते. विचारलेला प्रश्न पोहोचण्यास साडेबावीस तास आणि उत्तर येण्यास तितकेच. तेथे ना हात पोहोचत, ना मीटर. १ मार्च २०२४ रोजी अभियंत्यांनी यानाच्या गणकाला एक लहानशी आज्ञा देऊन जणू हलकेच टोकरले. उत्तरात त्याच्या स्मृतीची नक्कल आली. ती बिघाडापूर्वीच्या नकलेशी ताडून पाहिली असता स्मृतीचा सुमारे तीन टक्के भाग नासल्याचे दिसले, आणि एकच चिप त्याला कारणीभूत असावी असे निष्पन्न झाले. ती बदलणे अशक्य. म्हणून तेथील आज्ञावलीचे तुकडे करून ते स्मृतीत अन्यत्र बसवण्यात आले. २० एप्रिल २०२४ रोजी यानाने पुन्हा आपल्या प्रकृतीची सुसंगत वार्ता कळवली. यात जादू नव्हती. आपण काडीने सांधे टोकरले, त्यांनी आज्ञेने टोकरले. आपण अर्धे-अर्धे केले, त्यांनी जुनी नोंद नव्याशी ताडली. आणि उत्तर येईपर्यंत दोन-दोन दिवस धीर धरला.

कारागिराकडे वस्तू नेताना एक चिठ्ठी सोबत द्यावी. त्यात काय होते, केव्हा होते, कशानंतर सुरू झाले आणि आधी कोणी काय उघडले, हे लिहावे. "खराब झाला आहे" हे वाक्य त्याच्या उपयोगाचे नाही. "पंधरा मिनिटे चालून बंद पडतो, थंड झाला की पुन्हा चालतो" या वाक्याने त्याचे निम्मे काम होते, कारण दोष उष्णतेशी बांधलेला आहे हे त्याला कळते. बदललेला जुना भाग परत मागावा. प्रामाणिक कारागीर तो आनंदाने देतो. आणि दुरुस्ती परवडत नसेल तर वस्तू भंगारात जाळण्यास देऊ नये. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आहेत. नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे ती पोहोचवावी. त्या पाट्यांतील शिसे आणि जळत्या तारांचा धूर शेवटी कोणाच्या तरी मुलांच्या छातीत जातो.

आता फितींचे काय झाले ते सांगून थांबतो. टाकाऊ फीत तीन वेळा सुरळीत चालल्यावरच आम्ही कुलूप उघडले. जुनी फीत आधी हाताने सावकाश उलगडून पाहिली. मग यंत्रावर चढवली आणि पहिल्या खेपेसच ती संगणकात उतरवून घेतली, कारण दुसरी खेप मिळेलच याची शाश्वती नव्हती. पहिली फीत चाळीस मिनिटे चालली. आरती, टाळ्या, माईक दूर धरा असे सांगणारा कोणाचा तरी आवाज, आणि मग एक भावगीत. दुसऱ्या फितीवर नाटक असावे अशी आमची आशा होती. पण त्यावर कोणीतरी नंतर क्रिकेटचे धावते वर्णन मुद्रित केले होते. नाटक गेले ते गेलेच. पुसले गेलेले कोणत्याही मीटरला सापडत नाही.

भावगीत ज्यांनी गायले होते त्या काकूंना आम्ही बोलावले होते. आज त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनी गाणे शेवटपर्यंत ऐकले. आम्हांस वाटले, त्या आपल्याच तरुण आवाजाविषयी काही बोलतील. त्यांनी विचारले, "ती पेटी ऐकलीत? ती ह्यांची." पेटी वाजवणारे त्यांचे यजमान जाऊन अठरा वर्षे झाली. त्यांचे छायाचित्र घरात होते, आवाज कोठेच नव्हता. आवाज त्या फितीवरही नाही, पण त्यांची बोटे आहेत. चंदेरी कागद बसवला असता तर यंत्र बहुधा जळाले असते, आणि वर चढवलेली फीत त्यातून शाबूत राहिली असती असे आम्हांस सांगवत नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या घरी अशा फिती, कॅसेटी, बंद पडलेले मोबाइल आणि चालू न होणारे संगणक असतील. त्यांत आपली माणसे आहेत. ती फेकण्यापूर्वी आणि घाईने जोडण्यापूर्वी, दोन्ही वेळा थोडे थांबावे. मंडळाच्या कार्यालयात दर रविवारी सकाळी आम्ही काही निवृत्त मंडळी मेज मांडून बसतो. आपण वस्तू घेऊन यावे, सोबत ती चिठ्ठीही आणावी. मुलांनाही आणावे, भिंग त्यांच्या हाती देऊ. आमची दृष्टी आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, आणि केसाएवढी चीर पाहण्यास तरुण डोळे हवेत.